साडेआठ हजार घरांचे अण्णा

सरकारी पाहणीतला सर्वांत सोपा प्रश्न कोणता, असं कुणी मला विचारलं तर मी बेलाशक सांगेन: "घरात इंटरनेट आहे का?" उत्पन्न विचारलं की माणूस आवाज खाली घेतो. जमीन किती विचारलं की त्याला भावकी आठवते. कर्ज विचारलं तर येऊ घातलेला चहा आतच थांबतो. इंटरनेटचं तसं काही नाही. आहे तर आहे, नाही तर नाही. गॅस, नळ, संडास, पंखा या यादीत तो निमूट बसतो आणि पाच सेकंदांत संपतो. डिजिटल भारत कुठवर आला, गावागावांत केबल किती ओढायची, कुठल्या योजनेचा अर्ज ऑनलाइन करायचा आणि कुठला कागदावर ठेवायचा, हे सगळं ज्या आकड्यावर ठरतं तो आकडा या पाच सेकंदांत जन्माला येतो.

तो जन्माला येताना मी पाहिला आहे. साताऱ्यात आमची आणि समोरच्या अण्णांची दारं समोरासमोर, आणि दोन्ही दिवसभर उघडी. पाहणीवाला पोरगा आला तेव्हा मी चौकशी म्हणून डोकावलो आणि बसलोच. त्याच्या गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, आणि चेहऱ्यावर सकाळपासून चार घरांनी "साहेब झोपलेत" असं सांगितल्याचा थकवा. अण्णांनी त्याला खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि पेपरची घडी करून ते कुटुंबप्रमुखाच्या मुद्रेने उत्तरं द्यायला सज्ज झाले.

"काका, घरात इंटरनेट आहे का?"

"नाही."

"नाही?"

"नाही म्हणजे नाही. मागं एकजण वायर ओढायला आला होता. भिंतीला भोक पाडावं लागेल म्हणाला. त्याला जिन्यातूनच परत पाठवला."

हे उत्तर चालू असताना आतल्या खोलीत आजींच्या फोनवर कीर्तन रंगात आलं होतं आणि बुवांनी अभंगाचं निरूपण सुरू करताच मध्येच गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लागली. स्वयंपाकघरात वहिनी, म्हणजे अण्णांच्या सूनबाई, घरगुती मसाल्याच्या ऑर्डरींचे मेसेज बोलून टाकत होत्या: "अर्धा किलो कांदा-लसूण, तिखट कमी, पैसे आलेत." गॅलरीत नातू कुणाला तरी "मागून ये रे, मागून ये!" असं जिवाच्या आकांताने सांगत होता, तो मागून येणारा बहुधा दुसऱ्या जिल्ह्यात होता. आणि अण्णांचा स्वतःचा फोन टीपॉयवर दर अर्ध्या मिनिटाला थरथरत होता, कारण पहाटे साडेपाचला त्यांनी पाठवलेल्या सूर्योदयाला आता सगळे निवृत्त सहकारी नमस्कार करत होते.

पोरगा हुशार होता. त्याने फोनकडे बोट केलं. "काका, हे व्हॉट्सॲप कशावर चालतं?"

"फोनवर."

"आणि फोनमध्ये काय असतं?"

"रिचार्ज असतो."

"रिचार्ज कोण मारतं?"

"मुलगा."

"मग इंटरनेट मुलानं घेतलंय असं लिहू का?"

"तो पुण्याला असतो. शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. त्याला या घरात धरायचं का नाही, ते आधी तुम्ही ठरवा."

इथे पोराची बोटं टॅबवर थबकली, कारण अण्णांनी नकळत भारतीय संख्याशास्त्राच्या वर्मावरच बोट ठेवलं होतं. राष्ट्रीय नमुना पाहणीत कुटुंब म्हणजे एरवी एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं. १९५० साली ही पाहणी उभी राहिली, त्यामागे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस होते, आणि तेव्हा ही व्याख्या अगदी रास्त होती. धान्य, रॉकेल, कापड, साखर हे सगळं चुलीच्या हिशेबाने मोजता येतं. पण इंटरनेट चुलीवर शिजत नाही. अण्णांच्या मुलाची चूल कोथरूडच्या मेसमध्ये, त्याने भरलेला रिचार्ज साताऱ्यात, वहिनींच्या फोनचा हॉटस्पॉट नातवाच्या टॅबमध्ये, आणि आमच्या घरचा वायफाय (हे मी त्या पोराला सांगितलं नाही) वरच्या मजल्यावरच्या तीन विद्यार्थ्यांच्या अभ्यासात. एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब, हे ठीक. एका पासवर्डवर जगणारे कोण?

आता कुणी म्हणेल, एका अण्णांनी "नाही" म्हटल्याने देशाचं काय बिघडतं? बिघडतं. सांख्यिकी मंत्रालयाने २०२५ च्या जानेवारी ते मार्चमध्ये फोन आणि इंटरनेटवर जी पाहणी केली, ती ३४,९५० घरांत केली. देशात तीस कोटींच्या आसपास घरं धरली, तर निवडलेल्या प्रत्येक घराच्या खांद्यावर साडेआठ हजार घरं येतात. प्रत्यक्षात राज्याप्रमाणे, शहर-गावाप्रमाणे हे वजन कमी-जास्त होतं, पण ढोबळ हिशेब हाच. म्हणजे असल्या पाहणीत अण्णा एकटे बोलत नसतात. ते "नाही" म्हणाले की साडेआठ हजार घरांचे राउटर एका दमात विझतात, आणि पेपरची घडी उलगडून अण्णा पुन्हा शब्दकोड्याकडे वळतात. आमदाराला सुद्धा इतकं थेट प्रतिनिधित्व मिळत नाही.

या प्रश्नाचा इतिहासही मजेशीर आहे. २०११ च्या जनगणनेने घराघरांत विचारलं: कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप आहे का, असल्यास त्याला इंटरनेट आहे का? देशातल्या ३.१ टक्के घरांत इंटरनेटसह कॉम्प्युटर निघाला आणि ६.३ टक्के घरांत इंटरनेटविना. म्हणजे इंटरनेटवाल्या कॉम्प्युटरच्या दुप्पट कॉम्प्युटर नुसतेच होते. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना यात काही नवल वाटणार नाही. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात खास टेबल, त्यावर मॉनिटर, मॉनिटरवर शिवून घेतलेलं झालरीचं कव्हर, कव्हरवर गणपती. रविवारी कव्हर काढायचं, पत्ते खेळायचे, परत घालायचं. गंमत अशी की, त्या वेळी पोरं खिशातल्या फोनवर गाणी उतरवून घेत होती, पण जनगणनेला इंटरनेट दिसायचं ते फक्त कव्हराखाली.

पुढे २०१७-१८ मध्ये नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत आकडा आला २३.८ टक्के: शहरात ४२, खेड्यात १४.९. ती फेरी खरं तर शिक्षणावरच्या खर्चाची होती, इंटरनेट त्यात आपलं एक रकाना म्हणून बसलं होतं. सुरुवातीला त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. मग करोना आला, शाळा ऑनलाइन झाल्या, आणि ज्याला त्याला हा २३.८ आठवू लागला. कोकणात मुलं रेंजसाठी डोंगरावर जाऊन बसत होती, नंदुरबारात मास्तर पाड्यांवर जाऊन शिकवत होते, आणि मुंबईत चर्चासत्रांत एका कोपऱ्यातल्या रकान्यावर भाषणं होत होती. एवढा मोठा निर्णय आणि त्याला आधार म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वीचा, दुसऱ्याच कामासाठी विचारलेला प्रश्न.

आणि २०२५ च्या पाहणीत? ८६.३ टक्के घरांत इंटरनेट. ८५.५ टक्के घरांत निदान एक स्मार्टफोन. सात वर्षांत २३.८ चे ८६.३! यातला बराचसा भाग खराच आहे, हे सांगायला तज्ज्ञ नको. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, मग लॉकडाऊनने उरलेल्यांनाही ढकलून आत घातलं. पण एक पाहणी शिक्षणाची, दुसरी दूरसंचाराची. एकीत प्रश्न जाता जाता, दुसरीत तोच मुख्य. सगळी वाढ प्रगतीच्या खात्यावर टाकायला मी तयार नाही. त्यातली थोडी तरी नीट विचारल्याची आहे. आणि नीट विचारल्याने देश पुढे जात असेल, तर हा विकासाचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणायला हवा.

पण घराचा आकडा कितीही फुगला तरी खरा गोंधळ घराच्या आत आहे. ८६.३ टक्के घरांत इंटरनेट आहे, म्हणजे त्या घरांतल्या प्रत्येकाकडे आहे असं कुणी म्हणालेलं नाही. आपणच तसं वाचतो. अण्णांच्या घरात पाण्याची टाकी आहे, म्हणजे सगळे आंघोळ करतात. त्यांच्या घरात फोन आहे, म्हणून सगळे तो वापरतात असं मात्र नाही. कित्येक घरांत फोन सकाळी नवऱ्याबरोबर कामावर जातो आणि रात्री परत येतो. दिवसा घरात असते ती फक्त इंटरनेटची आठवण.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने, म्हणजे एनएफएचएसने, हा मुद्दा थोडा पकडला. तिथे बाईला बाई विचारते, शक्यतो एकांतात. २०१९ ते २१ च्या पाचव्या फेरीत "कधीतरी इंटरनेट वापरलंय का?" याला ३३.३ टक्के बायका हो म्हणाल्या आणि ५७.१ टक्के पुरुष. स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या बायका ५४ टक्के. हे आकडे घरच्या आकड्याशेजारी ठेवून पाहिले की घराच्या भिंती पारदर्शक होतात. मात्र इथेही दोन गमती आहेत. पहिली म्हणजे "कधीतरी". भाच्याच्या लग्नात कुणीतरी फोन हातात देऊन "मावशी, हे बघ" म्हणालं, मावशीने अमेरिकेतल्या जावेचा फोटो बघितला, झालं, मावशी इंटरनेटवाली. म्हणूनच आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना गेल्या तीन महिन्यांतला वापर विचारायला सांगते. आपल्या नव्या पाहण्याही आता तसंच विचारतात, आणि ते बरं झालं. दुसरी गंमत वयाची. एनएफएचएसमध्ये बाईचं वय १५ ते ४९. समोरच्या आजी अडुसष्ट वर्षांच्या. तीन भजनी मंडळांचे ग्रुप त्या चालवतात, कुणी एकादशीला बटाटेवड्याचा फोटो टाकला तर त्याला ग्रुपमधून काढण्याचा अधिकार त्यांच्याकडे आहे, आणि आकडेवारीत त्या अस्तित्वातच नाहीत.

घरातल्या कुणाला विचारायचं, यावर जगात पुष्कळ डोकी शिणली आहेत. लेस्ली किश नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९४९ साली एक तक्ता काढला. घरातल्या प्रौढांची क्रमाने यादी करायची, तक्ता ज्याच्यावर बोट ठेवील त्यालाच विचारायचं. दार उघडणाऱ्याला नाही आणि मोठ्याने बोलणाऱ्यालाही नाही. अप्रतिम कल्पना. आपल्याकडे अडचण एवढीच की, तक्ता सुनेवर बोट ठेवतो आणि उत्तर सासूबाई देतात. सासूबाई नसतील तर "तिला काय कळतंय, मी सांगतो" म्हणणारा एक पुरुष घरात असतोच. आणि तोही नसेल तर शेजारी असतो, ज्याचं दार दिवसभर उघडं असतं. किशसाहेबांच्या तक्त्यात शेजाऱ्याला रकाना नाही.

त्या दिवशी पोराने प्रयत्न केला. म्हणाला, "वहिनींना दोन मिनिटं बोलावता का?" अण्णा म्हणाले, "ती कामात आहे." ती कामात होती म्हणजे इंटरनेटवर होती. मसाल्याची महिन्याची सगळी उलाढाल तिच्या फोनवर होते, पैसे तिच्या खात्यात येतात, पार्सलचा नंबर ती गिऱ्हाइकाला पाठवते. घरातली खरी आयटी कंपनी स्वयंपाकघरात आणि तिचा प्रवक्ता बैठकीत, ज्याच्या मते घरात इंटरनेट नाही.

आणखी एक भानगड आहे, आणि ती फक्त आपल्याकडची नाही. गेल्या दशकात इंडोनेशियात पाहणी करणाऱ्यांच्या लक्षात आलं की, काही माणसं फेसबुक वापरतो म्हणतात आणि त्याच दमात इंटरनेट वापरत नाही म्हणतात. खोटं बोलत नव्हती. त्यांच्या लेखी फेसबुक ही एक गोष्ट आणि इंटरनेट ही दुसरी, कुणा शिकलेल्या माणसांची. आमच्या राजवाड्यासमोरच्या शेंगदाणेवाल्या मामांना मी हाच प्रश्न टाकून पाहिला. "मामा, इंटरनेट वापरता का?" मामा हसले. "आपलं काय काम त्यात." तेवढ्यात गाडीवरच्या लाल डबीने सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं की वीस रुपये मिळाले. मामांनी पुडी बांधता बांधता मला विचारलं, "तुमचे आले का बघा, का मागचेच वाजले?" मामा रोज पन्नास वेळा इंटरनेट वापरतात आणि त्यांना त्याची खबर नाही. त्यांना कशाला असायला हवी? वीज वापरताना आपण तरी कोयनेचं नाव कुठे घेतो.

म्हणून विचारायचं ते इंटरनेटचं नाव घेऊन नाही, केलेल्या कामाचं नाव घेऊन. गेल्या तीन महिन्यांत मोबाइलवरून पैसे पाठवले का? व्हिडिओ कॉल केला का? यूट्यूबवर काही बघितलं का? गॅसचा नंबर लावला का? सातबारा काढला का? नव्या पाहण्यांत हे सुरू झालं आहे आणि उत्तरं डोळे उघडणारी आहेत. २०२२-२३ च्या पाहणीत १५ ते २४ वयातल्या ७८.४ टक्के पोरांना जोडपत्रासह मेसेज पाठवता येत होता, ७१.२ टक्क्यांना कॉपी-पेस्ट करता येत होतं. पण माहिती शोधणं, ईमेल आणि ऑनलाइन बँकिंग हे तिन्ही जमणारी निघाली २६.८ टक्के. म्हणजे रील बनवणारे पुष्कळ, नोकरीचा अर्ज करता येणारे कमी. हा फरक "आहे का, नाही का" या प्रश्नातून शंभर वर्षांत कळला नसता.

कामाचं नाव घेतलं की पुढचा प्रश्न येतो: ते काम केलं कुणी? २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी सेवा केंद्रासमोर रांगा लागल्या. बाईच्या आधारचा ओटीपी, शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा. आमच्या जिल्ह्यातले कित्येक नवरे मुंबईत माथाडी. बाई रांगेत उभी, नवरा मशीद बंदरात पोत्याखाली, ओटीपी त्याच्या फोनवर, आणि केंद्रातला पोरगा ओरडतोय, "मावशी, लवकर, वेळ संपतोय!" मावशीने फोन लावला, नवऱ्याने पोतं उतरवून आकडे वाचून दाखवले, तिने ते पोराला सांगितले, पोराने टाइप केले, वेबसाइट बंद पडली, सगळं पुन्हा. संध्याकाळी काम झालं. आता सांगा, या बाईने इंटरनेट वापरलं का? सरकारी संगणकाच्या मते वापरलं. तिचा अर्ज ऑनलाइन आला आहे. तिच्या स्वतःच्या मते तिने पन्नास रुपये आणि एक दिवसाची मजुरी दिली. हातात स्मार्टफोन नाही, अक्षर टाइप केलं नाही, पण इंटरनेटचा एवढा घनघोर वापर त्या दिवशी तालुक्यात दुसऱ्या कुणी केला नसेल. ई-पीक पाहणीचंही तेच: शेत बापाचं, ॲप पुतण्याच्या फोनवर. "तुमच्यासाठी दुसरं कोण करून देतं, आणि त्याला काय द्यावं लागतं?" हा प्रश्न मला तरी प्रत्येक पाहणीत पहिल्या पानावर हवा आहे. यातून जे कळेल ते कुठल्याही टक्केवारीतून कळणार नाही.

रिचार्जचा विषय निघालाच आहे तर तोही सांगून टाकतो. आपल्याकडे महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो, हे गरिबाला पंचांगाने नाही, मोबाइल कंपन्यांनी शिकवलं. बारा महिन्यांत तेरा रिचार्ज. ओरड झाली तेव्हा २०२२ मध्ये दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने कंपन्यांना तीस दिवसांचाही एखादा प्लॅन ठेवायला लावला; तो कुठे आहे ते दुकानदाराला विचारावं लागतं. आता पाहणीवाला सत्ताविसाव्या दिवशी आला तर घरात इंटरनेट आहे. तिसाव्या दिवशी आला आणि पगार पाच तारखेला असेल तर नाही. घर तेच, फोन तोच, माणूस तोच. "आहे का?" बरोबर "गेल्या महिन्यात किती दिवस नव्हतं?" हेही विचारायला पाहिजे. पाटण तालुक्यात कोयनेच्या वरच्या अंगाला गेलात तर "कुठे आहे?" हेही. तिथे एका मित्राच्या घरी इंटरनेट आहे, पण ते गोठ्याच्या दक्षिणेच्या कोपऱ्यात, म्हशीच्या डाव्या बाजूला. पाहुणा आला की त्याला आधी पाणी देतात आणि मग जागा दाखवतात. पाहणीच्या भाषेत हे "घराच्या आवारात उपलब्ध" यात मोडतं.

वरून मोजावं म्हटलं तर ट्राय आहे. ट्राय जोडण्या मोजते. २०२५ च्या मार्चअखेर इंटरनेटच्या सुमारे ९७ कोटी जोडण्या. पण जोडणी म्हणजे माणूस नव्हे. दिल्लीत शंभर माणसांमागे अडीचशेहून अधिक फोन जोडण्या आहेत. म्हणून दिल्लीकरांना पाच कान असतात असं नाही. अण्णांच्या मुलाकडे दोन सिमं, कंपनीचं एक, पुण्यातला वायफाय एक. ट्रायच्या वहीत तो एकटाच चौघांचं कुटुंब आहे. अण्णांच्या पाहणीत त्याचं अख्खं कुटुंब शून्य आहे. सरकारच्या दोन टेबलांवर हे दोन कागद आहेत आणि मधल्या जागेत आपण राहतो.

पाहणी सुधारायची म्हटलं की सगळे पाहणीवाल्याला सुधारायला निघतात. मला त्याची दया येते. त्याला मिळतं किती, हिंडावं लागतं किती! गावात त्याला वाटतं तितका त्रास नाही. ओटा देतात, चहा देतात, फक्त घरातल्या वस्तू थोड्या कमी सांगतात. सरकारी माणूस दारात आला की टीव्ही जुना होतो, फ्रिज भावाचा होतो, स्मार्टफोन मुलीच्या सासरचा होतो. रेशनकार्डाचा रंग बदलेल, योजनेतून नाव उडेल ही भीती. ती अगदीच खुळी आहे असं म्हणवत नाही, कारण चारचाकी निघाली म्हणून नावं उडालेली लोकांनी पाहिली आहेत. खरा त्रास शहरातल्या मोठ्या सोसायट्यांत. तिथे गेटवर ॲप, ॲपवर परवानगी, परवानगी देणारा मीटिंगमध्ये. जिथे इंटरनेट भिंतीभिंतींतून वाहतं आणि दारावरची बेलही वायफायवर चालते, तिथलं उत्तर मिळत नाही. पोराने सांगितलं, एका सोसायटीत तो सलग तीन दिवस गेला, शेवटी रखवालदार म्हणाला, "साहेब म्हणतात ईमेल करा."

त्या पोराचं शेड्यूल पुरं झालं तेव्हा अण्णांच्या घरात इंटरनेट आलं होतं. ते कसं आलं ते सांगतो. पोराने सगळी माहिती भरली, "नाही" वर बोट ठेवलं, आणि टॅबवर गोल फिरू लागलं. फॉर्म वर जाईना. तो खिडकीपाशी गेला, गॅलरीत गेला, नातवाच्या मागे उभा राहिला. शेवटी ओशाळून म्हणाला, "काका, इथं कुणाचा वायफाय मिळेल का?" आतून वहिनींचा आवाज आला, "माझा हॉटस्पॉट घ्या हो, पासवर्ड सांगते." अण्णा पेपरातून वर बघत राहिले. पोराने फॉर्म पाठवायच्या आधी "नाही" खोडून "हो" केलं, वहिनींना दारातच चार प्रश्न विचारले आणि चारी उत्तरं लिहून घेतली. साडेआठ हजार घरांचे दिवे परत लागले. अण्णांना अजून हे मान्य नाही. त्यांच्या मते तो हॉटस्पॉट आहे.

जनगणना २०२७ ची असो नाहीतर नमुना पाहणीची पुढली फेरी असो, हा प्रश्न पुन्हा दारात येणारच; जनगणनेच्या घरयादीत तो टीव्ही, लॅपटॉप आणि स्मार्टफोनच्या सोबत आहे. प्रश्नावली दिल्लीत ठरते, तिथे आपलं कुणी ऐकणार नाही. पण उत्तर कोण देणार हे आपल्या हातात आहे. दिलेली माहिती गुप्त ठेवायची आणि फक्त आकडेवारीसाठी वापरायची हे कायद्याने बांधलेलं आहे, तेव्हा टीव्ही जुना करायची गरज नाही. घरात जो सर्वांत जास्त बोलतो त्याला चहा करायला पाठवा. सुनेला, लेकीला, आजीला बाहेर बोलवा, आणि त्या उत्तर देईपर्यंत मधे बोलू नका. पाहणीवाल्याला हॉटस्पॉट लागला तर द्या. बँकेचा ओटीपी मात्र कुणालाही देऊ नका. तो कुठल्याच पाहणीत विचारत नाहीत.